चिंचेच्या मुळातला कंपास

सिरोंच्याला प्राणहितेचं पात्र इतकं रुंद आहे, की परदेशात वाढलेल्या माझ्या भाच्यांनी त्याला समुद्रच म्हटलं. हिवाळ्यातली सकाळ होती. पलीकडचा तेलंगणाचा काठ धुक्यातून वर यायचा आणि पुन्हा विरघळायचा. तिकडचं तेलुगू गाणं मात्र पाण्यावरून चालत आल्यासारखं इकडे पोचत होतं. काठावरच्या बागेत आम्ही चौघं फिरत होतो: मी, धाकटा भाऊ आणि त्याची दोन मुलं.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला असताना भावानं या बागेत एक डबा लपवला होता. त्या जागेचे आकडे त्याच्या हातातल्या जीपीएसच्या यंत्रात होते. परदेशात लोक असे डबे शोधत कुटुंबासह हिंडतात म्हणे. डब्यातलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवायचं, आणि आतल्या वहीत लिहायचं. हा नियम मला लगेच पटला. वडशाच्या बाजारात तांदूळ विकून मी उभी राहिले.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. घरातून एकालाच शिकवणं होणार होतं. तो भाऊ झाला, मी बाबांच्या दुकानात बसले. राग नाही असं मी कधी म्हटलं नाही. त्यानं त्यावर एकदा तरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. तीस वर्षांत तो बोलला नाही.

यंत्र चिंचेपाशी येऊन घुटमळलं. मुलं झुडपांत घुसली. मी उभ्या उभ्या पाहिलं, मुळांत तीन दगड होते, हातानं रचलेले.

खाली स्टीलचा डबा. त्यात वही, आणि पत्र्याचा पिवळा कंपास. झाकणावर कर्कटकानं कोरलेलं माझं नाव. शाळा सुटली त्या वर्षी हा दप्तरातून नाहीसा झाला होता.

मी तो पदराखाली घेतला. भाची म्हणाली, आत्या, आता तू काहीतरी ठेव.

“मी नाई ठेवत. घेतलं त्यानं, त्यानंच ठेवावं.”

भाऊ मुळांपाशी खाली बसला.

“मागच्या खेपेले तुले द्याले आणला होता, ताई. तोंड नाई झालं. म्हणून इथी ठेवला.”

“मंग आता लिही.”

वही मांडीवर घेऊन त्यानं लिहिलं, हा कंपास ताईचा. मी घेतला होता.

“न विचारता,” मी म्हटलं.

त्यानं तेही घुसवलं.

“कंपासचं झालं. शाळेचं?” मी वहीवर बोट टेकवलं.

शाळा त्यानं नव्हे, बाबांनी बंद केली, असं तो हळूच म्हणाला. ते मलाही ठाऊक होतं. मी बोट वहीवरून उचललं नाही. मग तो बराच वेळ लिहीत बसला. तेवढ्या वेळात पलीकडचा काठ दोनदा दिसला आणि दोनदा गेला.

ते पान मी फाडून घेतलं. वहीतलं पान न्यायचं नसतं, असं भाचा कुरकुरला.

मी पदराखालचा कंपास काढला आणि डब्यात ठेवला.