दोन झाकणं सुगंध

वन्सं, तुम्ही मला कधीच आवडला नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पुढचं लिहायला सोपं जातं.

तिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा तुम्ही लाँड्री काढलीत, भावापुढे हात पसरला नाहीत. इस्त्रीने भाजलेलं मनगट, कोणता डाग कशाचा हे लांबून ओळखणारी नजर, सगळं कबूल. पण शेवटच्या पाण्यात दोन झाकणं सुगंधी द्रव टाकल्याशिवाय चाळीस वर्षांत तुमच्या हातून एक कपडा बाहेर पडला नाही. गिऱ्हाईकं पाठीमागे तुम्हाला अत्तरवाली म्हणतात. तुमचे भाऊ गेल्यावर तुम्ही दुकानावरच्या आमच्या घरात राहायला आलात, त्या वासासकट.

आमची भुरी, कुत्री असली तरी, घरात सगळ्यात समंजस तीच. ती खाजवून खाजवून रक्त काढायला लागली, पोटावरचे केस गेले. डॉक्टर म्हणाले, धुळीतल्या किड्यांची अॅलर्जी आहे, वर उग्र वासाचं काही अंगाला लागलेलंही तिच्या कातडीला सोसत नाही. महिनाभर घर स्वच्छ ठेवून बघा, नाहीतर जन्मभर गोळ्या, आणि त्या या वयात तिला झेपतील याची खात्री नाही.

मी गालिचा काढून टाकला, पडदे उतरवले, रोज ओल्या फडक्याने कानाकोपरा पुसला. तिच्या गादीची खोळ दर आठवड्याला कढत पाण्यात, बिनवासाच्या साबणाने धुतली. तीन आठवडे झाले, खाज तशीच. माझंच कुठेतरी चुकतंय म्हणून मी स्वतःला बोल लावत बसले.

एका सकाळी खोळ दोरीवर दिसेना. दुकानात आले, तर तुम्ही ती पुन्हा सुगंधी पाण्यात बुचकळत होतात. दर आठवड्याला हेच चाललं होतं. घरभर तुमचाच वास, त्यात खोळीचा वेगळा मला कळणार कुठून?

तुम्ही वरही न बघता म्हणालात, "वास नसेल तर कपडा धुतलाय हे कळायचं कसं?"

"भुरीला कळतं, वन्सं."

"माझ्या हातचा बिनवासाचा कपडा बघून लोक म्हणतील, म्हातारी थकली."

"कोण लोक? त्या खोळीवर एक कुत्री झोपते."

शिकलेल्या बायकांना साबणाची अक्कल नसते, असं तुम्ही सुनावलंत. मी बाटली उचलून मोरीत रिकामी केली.

त्यानंतर खोळ तुम्हीच धुऊ लागलात, कढत पाण्यात, तीनदा, बिनवासाची. दारात आणून माझ्या हातावर आपटायचात. आठवड्याभरात खाज थांबली, दीड महिन्यात भुरीच्या पोटावर लव आली. माफी तुम्ही मागितली नाहीत, आभार मी मानले नाहीत.

चाटू नये म्हणून डॉक्टरांनी तिच्या गळ्यात घालायला दिलेली प्लास्टिकची कॉलर परत करायची आहे. दवाखाना तुमच्या दुकानापासून चार दारं पुढे. मी ती तुमच्या चपलांशेजारी ठेवली. तुम्ही ती माझ्या छत्रीला अडकवलीत. आज ती पुन्हा तुमच्या चपलांशेजारी आहे.