तुदाचा उदी

लग्न करून डोंगरावरून खाली आली तेव्हाच तुदानं ठरवून टाकलं होतं, आपल्या घरात कुत्रं नको. कुत्र्यांचं तिला वावडं होतं असं नाही. तिचं सगळं बालपण बकऱ्याच्या केसांच्या काळ्या तंबूत, मेंढ्यांत आणि कुत्र्यांतच गेलेलं. पण मिदेल्त शहराच्या अलीकडच्या या गावात, सफरचंदांच्या बागांमधल्या पक्क्या घरात राहायला आल्यावर तिला वाटलं, तो जन्म संपला. नवरा, मिमून, शिशाच्या खाणीत कामाला होता. खाण बंद पडली तसा तो लोकांच्या बागा बघू लागला, आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगा कासाब्लांकात नोकरीला. मागे राहिली तुदा, तिचा गालिचे विणायचा माग आणि अंगणातल्या कोंबड्या.

पिल्लू आणलं ते दद्दानं. दद्दा म्हणजे तिचा थोरला भाऊ हद्दू. तो अजून वर डोंगरात मेंढ्या राखायचा आणि बाजाराच्या दिवशी खाली उतरायचा. कोल्हा तुदाच्या कोंबड्या पळवतो असं त्याच्या कानावर गेलं. पुढच्या बाजाराला तो दारात उभा राहिला, आणि त्याच्या पायघोळ जेल्लाबाच्या पाठीवरच्या टोपीत काहीतरी वळवळत होतं.

“हे काय आणलंस?”

“राखणदार.”

“याला आधी कुणीतरी राखायला हवं,” तुदा म्हणाली. म्हणाली खरी, पण तोवर तिनं त्याला टोपीतून उचलून कुशीत घेतलंही होतं.

जुन्या तुपासारखा त्याचा रंग. म्हणून तिनं नाव ठेवलं उदी. त्यांच्या बोलीत तुपाला उदीच म्हणतात. दारापाशी पोतं अंथरून दिलं होतं, ते त्यानं एकदाही वापरलं नाही. तो लोकरीच्या टोपलीत शिरून झोपायचा. तुदा मागावर बसली की लोंबणारे धागे ओढायचा, आणि ती रागावली की तिच्याच मांडीवर येऊन लपायचा. कोंबड्यांना तो घाबरायचा. लाल तुऱ्याचा कोंबडा अंगणात आला की उदी आत. कोल्ह्याचं नाव तर सोडाच.

शेजारची यामना कुंपणावरून सगळं ऐकायची. सकाळपासून उदी, उदी चाललेलं असायचं. एकदा ती म्हणाली, “मिमूनला जन्मभरात इतक्या हाका मारल्या नाहीस गं तू.”

“तो कुठे माझे धागे तोडायचा,” तुदा म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी असं हसलं होतं.

बागा फुलल्या होत्या त्या दिवसांत एका सकाळी उदीनं ताकात भिजवलेल्या भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत त्याला उलट्या सुरू झाल्या. तुदानं त्याला शालीत गुंडाळलं आणि मिळेल त्या गाडीनं मिदेल्तच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. पिल्लांना होणारा हा आजार आहे, म्हणाला, लस टोचलेली नसली की फार झपाट्यानं चढतो. त्यानं औषध टोचलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उदीनं डोळे उघडून तिचा हात चाटला तेव्हा तिला वाटलं, निभावलं. ऊन तापायच्या आत तो गेला.

तिनं त्याला बागेच्या कडेला, पाटाच्या वरच्या अंगाला पुरलं. खड्डा स्वतः खणला. वर दगड रचले. घरी येऊन हात धुतले आणि मागासमोर बसली, पण हात चालेनात.

मिमून गेला तेव्हा सगळं गाव आलं होतं. रीतीप्रमाणे साखरेचे सुळके घेऊन बायका दिवस दिवस बसल्या होत्या. तेव्हा तुदा ताठ राहिली. सगळ्यांना वाढलं, सगळं आवरलं. आता मात्र ताक घुसळताना, कोंबड्यांना दाणे टाकताना मधेच डोळे पुसायला लागायचे आणि तिची तिलाच लाज वाटायची. कुत्र्याच्या पिल्लासाठी रडणारी बाई, लोक काय म्हणतील? मुलाचा फोन आला तेव्हा तिनं पावसापाण्याचं सांगितलं, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. यामना एकदा गरम भाकरी घेऊन आली आणि जाताना म्हणाली, “मलाही करमत नाही गं. हाकाच नाहीत.”

बाजाराच्या दिवशी दद्दा आला. बातमी त्याला वाटेतच कळली होती. तो आत येऊन बसला, तुदानं पुदिन्याचा चहा ठेवला. तिनं साखरेचा डबा पुढे ओढला तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

“नको घालूस. आठवतं का, बाबा काय करायचे?”

तिला आठवलं. कितीतरी वर्षं मनात न आलेलं सगळं भसकन वर आलं. उन्हाळ्यात वर चढताना आणि थंडीच्या तोंडाला खाली उतरताना नवी पिल्लं खेचराच्या पाठीवरच्या टोपलीत असायची, आणि त्यांच्याबरोबर धाकटी म्हणून तुदाही. पिल्लांच्या अंगाची ऊब, आंबूस वास, हलत्या टोपलीतून दिसणारा बर्फाचा डोंगर. वाटेत कुत्रं मेलं तर बाबा त्याच्यावर दगड रचायचे, काही बोलायचे नाहीत. फक्त त्या संध्याकाळी चहात साखर घालायची नाही. आईनं कधी कारण विचारलं नाही आणि मुलांनी कधी कुरकुर केली नाही.

“मला वाटायचं साखर संपलीय,” तुदा म्हणाली.

“मलाही. खूप उशिरा कळलं.”

दोघांनी कडू चहा घेतला. मग एकेका कुत्र्याचं नाव निघालं. लांडग्याच्या अंगावर गेलेली तमल्लालत, बहिरा इझम, आईच्या मागे मागे विहिरीवर जाणारी ती तीन पायांची. नावं घेता घेता तुदा हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. दद्दानं तिला रडू दिलं.

“लस टोचायला हवी होती रे,” ती शेवटी म्हणाली.

“मी आणलं, मलाच ठाऊक नव्हतं. तुला कुठून असणार?” तो म्हणाला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, “या उन्हाळ्यात वर चल. तुझ्या वहिनीचे गुडघे गेलेत, ताक घुसळायला कुणीतरी हवंच आहे.”

लग्नानंतर ती कधी वर गेली नव्हती. आधी संसार होता, मग मिमूनचं दुखणं, मग नुसतीच सवय. या वेळी तिनं घराची किल्ली यामनाकडे दिली आणि गेली.

वर सगळं होतं तसंच नव्हतं. तंबूवर आता प्लास्टिक अंथरलेलं, पाणी टँकरनं येणारं. पण सकाळी तंबूबाहेर पाऊल टाकलं की ओल्या गवताचा आणि लोकरीचा तोच वास यायचा. ताक घुसळायची बकऱ्याच्या कातड्याची पखाल हातात घेतली तेव्हा तिच्या दंडांना ताल आपोआप सापडला. दद्दाची कुत्री, उदीची आई, पहिल्या दिवशी तिच्यावर भुंकली, मग तिच्या झग्याचा वास घेऊन शांतपणे निघून गेली. तिला नवी पिल्लं झाली होती. दद्दा म्हणाला, हवं ते घे, या वेळी आधी टोचून आणू.

तुदा खूप वेळ त्यांच्यात बसली. एकानं तिचं बोट चावलं, दुसरं तिच्या पायावर झोपून गेलं.

“इथेच राहू देत. इथे त्यांना काम आहे, आई आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे येऊन कोंबड्याला घाबरणार नुसती.”

पण मिदेल्तच्या डॉक्टरला तिनंच निरोप धाडला आणि त्याच्याकडून सगळ्या पिल्लांना टोचून घेतलं. मुलाचा फोन आला तेव्हा टेकाडावर रेंज शोधत उभी राहून तिनं त्याला उदीबद्दल सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आई, मला आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “आता सांगतेय ना.”

मेंढ्यांची लोकर कातरून होईपर्यंत ती वर राहिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात जाते.