तिसऱ्या वर्षाच्या कुमुद मॅडम

कुमुद मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रागातच होतो. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. मुलांचे गट करून एकेका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली देतात, त्या पालक-शिक्षक योजनेत माझं नाव गणिताच्या प्रा. कुमुद मॅडमकडे लागलं होतं. मित्राच्या सरांनी सही करून त्याला लगेच मोकळं केलं, मॅडमनी मात्र मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "कन्हानहून येतोस ना? सकाळचं प्रॅक्टिकल गाठता येतं का?"

मला वाटलं, या प्राध्यापिका आहेत की बसच्या कंडक्टर? पण प्रॅक्टिकल खरंच गाठता येत नव्हतं. त्याच आठवड्यात माझी बॅच दुपारची झाली. पहिल्या वर्षाची मुलं अभ्यासापेक्षा अशा अडचणींनीच जास्त गळतात, असं मॅडमचं मत आहे. म्हणून त्या वर्षी त्या उपदेश करत नाहीत, अडचण काढतात.

माझ्यासारख्याचा लेख मॅडमच्या या गौरवग्रंथात पाहून काहींना नवल वाटेल. बाकीच्या लेखकांकडे पदव्या आहेत, मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलेला. पण 'आमच्या मॅडम' म्हणायचा हक्क फक्त त्यांचाच, असं कोणी समजत असेल तर माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या वर्षी विषय निवडायचे होते. आमच्याच गटात उमरेडची प्रणाली होती. विणकराच्या घरातली, वर्गात सगळ्यांच्या पुढे. तिने संख्याशास्त्र घेतलं, म्हणून मीही घेतलं. मॅडमनी विचारलं, "काहून घेतला गा हा विषय?" मी स्कोप, नोकरी असं काहीबाही सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "उद्या प्रणाली आली नाही, तरी तू तासाला बसशील?"

सगळा गट खिदळला. मी उसळून म्हणालो, "बसीन!"

"मग घे."

दुसऱ्या वर्षी मॅडम अडवत नाहीत. निर्णय मुलांचाच, त्यामागचं कारण तेवढं त्यांच्याच तोंडून काढून घेतात.

संख्याशास्त्र मला झेपलं नाही. प्रणालीनेही स्वच्छ सांगितलं की तिच्या मनात तसं काही नाही. मी कॉलेजला जाणं थांबवलं आणि सीताबर्डीवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो. पुढच्या वर्षी मॅडमचाच फोन दुरुस्तीला आला. तो पोचवायला विभागात गेलो, तर दार अर्धं लोटलेलं. मॅडम स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीत तिसऱ्या वर्षाची प्रणाली! एम.एस्सी.साठी तिला पुण्याला जायचं होतं आणि घरी कसं सांगावं ते सुचत नव्हतं. म्हणून तालमीसाठी मॅडम तिची आई झाल्या होत्या. तिसऱ्या वर्षी मॅडम अशा स्वतः स्टुलावर येतात आणि जाणाऱ्याला खुर्चीत बसवून बोलतं करतात.

"काहून जातं वं एवढ्या दूर?"

"आई, मले जे शिकायचं आहे, ते तिथं चांगलं शिकवतात."

"आन् इथं कोणी तुही वाट पाहत असंन तं?"

"पाहू दे नं! म्या सांगतलं का त्याले?"

दोघी खळखळून हसल्या. जो प्रश्न मला वर्षभर विचारता आला नव्हता, तो मॅडमनी सहज विचारला आणि त्यांना उत्तरही मिळालं. मी दारात जळत उभा. प्रणाली मॅडमचं ऐकते म्हणून मॅडमवर जळत होतो आणि त्या खुर्चीत ती बसली म्हणून तिच्यावरही. कोणावर जास्त, ते आजही सांगता यायचं नाही.

प्रणाली गेल्यावर मी भडकलोच. "तुम्हीच तिले पाठवून राहिल्या!"

मॅडमनी फोन चालू करून पाहिला. "मी कोणालाच पाठवत नाही रे बाबा. जाणारा कारण सांगून गेला पाहिजे, एवढंच पाहते. तिने सांगितलं. तू न सांगता गेलास."

दुसरी कोणी असती तर तिने एवढ्यावर प्रकरण संपवलं असतं. मॅडमनी दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्या दुकानावर पाठवायला सुरुवात केली. पहिलीच पोरगी काउंटरशी येऊन म्हणाली, "दादा, मॅडमनं पाठवलं. विषय कसा निवडू नये, ते तुमाले विचारा म्हणाल्या."

मालक पोट धरून हसला. मी मात्र तापलो. पण पोरगी हलेना, तेव्हा सांगत बसलो. नंतर आणखी मुलं आली. त्यांना समजावता समजावता मलाच वाटायला लागलं, की माझ्याही शिक्षणाचं काहीतरी राहून गेलंय.

यंदा मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, विषय बदलून. "काहून?" मॅडमनी विचारलंच. या वेळी माझ्या उत्तरात प्रणाली नव्हती. निदान विषयाच्या बाबतीत तरी नव्हती.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होताहेत आणि त्या निवृत्त होताहेत. सगळे आनंदात हार घेऊन उभे आहेत, मी मात्र वर्षांचा हिशेब मांडून बसलो आहे. या ग्रंथात लिहिणाऱ्या सगळ्यांना तिसऱ्या वर्षाच्या मॅडम मिळाल्या. मला पहिल्या वर्षाच्या मिळाल्या, दुसऱ्या वर्षाच्या तर दोनदा मिळाल्या. तिसऱ्या वर्षाच्या मॅडम मी फक्त अर्ध्या दारातून पाहिल्या आहेत.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो. त्यांनी नातवंडं खेळवावीत, गावोगाव फिरावं, दुपारी निवांत झोपावं. पण पुढच्या जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षाला गेलो, की तिथून वर्षभर त्यांचा वेळ माझा आहे. बाकीच्यांनी शुभेच्छा द्याव्यात आणि रांगेत माझ्या मागे उभं राहावं.