सड्याची हद्द

फेलोशिपच्या शेवटच्या अहवालाला एक फोटो जोडायचा होता. अट अशी की त्यात मी माझ्या समाजाचं नेतृत्व करताना दिसले पाहिजे. वर्षभरात माझे ढीगभर फोटो निघाले, हातात माईक असलेले तर विचारूच नका. पण ज्या दिवशी खरं काम झालं, त्या दिवसाच्या एकाही फोटोत मी नाही. मी तेव्हा काकीच्या चुलीपुढे बसून चहाचं तिसरं आधण ठेवत होते.

माझं माहेर गोव्यात लाटंबार्सेला, गावाच्या वरच्या अंगाला. आम्ही धनगर. आमची दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिला सगळे वाडा म्हणतात. वाड्याच्या मागे सडा, म्हणजे उघडा कातळ, त्याच्या कडेने काजू आणि खाली एक झर. गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या सड्यावर चरत आली आणि त्याच झरीवर पाणी प्यायली, पण कागदावर त्यातलं काहीच आमचं नव्हतं. लग्न होऊन मी पेडण्यात हळर्णला गेले आणि तिथे अंगणवाडीत लागले. सड्याचा विचार माहेरच्या विचाराबरोबर यायचा, तेवढाच.

मग फोनवर ती जाहिरात आली. मूळनिवासी समाजातल्या बायकांसाठी नेतृत्वाची फेलोशिप, मुदत एक वर्ष. सरकारदरबारी आम्ही नक्की कोण, हे अजून ठरतंच आहे, त्यामुळे आपल्याला कोण घेणार असं वाटलं होतं. पण घेतलं. पहिल्या शिबिरात आम्हाला ताठ उभं राहायला, समोरच्याच्या डोळ्यांत बघायला आणि तीन मिनिटांत आपलं म्हणणं मांडायला शिकवलं. सुरुवात कायम आपल्या पूर्वजांपासून करा, म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. घरी आणि अंगणवाडीत पोरांपुढे सोडून कुठे माझं कोणी ऐकत नव्हतं, आणि इथे मी बोलले की लोक वहीत लिहून घेत होते.

महिन्यातून एकदा पडद्यावर पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या फेलो बायकाही भेटायच्या. आमच्याकडे दुपार कलायची तेव्हा त्यांच्याकडे काळोख असायचा. त्यांच्यातली एक जाडजूड, हसरी बाई एकदा म्हणाली, आमच्या गावात बोलणारा माणूस वेगळा आणि मोठा माणूस वेगळा. मोठा गप्प बसून ऐकतो. मला ते इतकं पटलं की पुढच्या दोन भाषणांत मी ते वापरलं.

प्रत्येकीने एक काम हाती घ्यायचं होतं. मी सड्याचा वनहक्काचा दावा घेतला. दावा मान्य झाला तर झर आणि चराई वाड्याच्या नावावर होणार होती. फेटाळला गेला तर उद्या कोणी कुंपण घातलं तरी तोंड उघडायची सोय नव्हती. मी दर रविवारी माहेरी येऊ लागले, फोन हातात धरून सड्याची कड चालले, नकाशा काढला, कागद जमवले. फाईल चांगली जाड झाली. वाड्यातले सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

पाहणीचा दिवस काजूच्या हंगामात आला. तालुक्याहून तिघे अधिकारी आले. त्यांना मांडावर बसवलं. मांड म्हणजे वाड्याच्या मधली सारवलेली जागा, देवाचं काय असेल ते तिथेच होतं. माझा थोरला काका मांडाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात उभा राहून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे आधी पूर्वजांची आठवण काढायची, मग सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं, आणि दर वाक्याला वाड्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणापासून मी ते म्हणत आले आहे.

त्या दिवशी मी नेमकी त्याच कोपऱ्यात उभी राहिले, कारण सावली तेवढीच होती. हात जोडले आणि शिकवल्याप्रमाणे पूर्वजांपासून सुरुवात केली. मग झर, चराई, काजू. नकाशा उघडून कडेने बोट फिरवलं आणि ‘इथवर आमचं’ म्हटलं. तीन मिनिटांत सगळं बसवलं होतं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि काकाला विचारलं, “तुम्ही सांगा आजोबा, गुरं कुठवर जायची?”

काका म्हणाला, “व्हय.”

“कुठवर?”

“ती सांगता तां व्हय.”

मग त्याच्या बायकोला, माझ्या काकीला विचारलं. तिने आयुष्यभर त्या सड्यावर म्हशी राखल्या आहेत. तीही व्हय म्हणाली. जबाबासाठी बसवलेल्या पाचही म्हाताऱ्या माणसांनी तोंडात गुळणी धरल्यासारखा तेवढाच एक शब्द बाहेर काढला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते चिडले नव्हते, हे सांगायला हवं. म्हणाले, “बाई, हे सगळं तुम्ही पढवल्यासारखं दिसतंय. जाणत्यांचे जबाब त्यांच्याच तोंडून यायला हवेत. असेच लिहून घेतले तर वर टिकायचे नाहीत. आणखी एक तारीख देतो, त्यानंतर मला काही करता येणार नाही.”

ते गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षभर मी मर मर मरायचं आणि यांनी दोन वाक्यं बोलू नयेत? मी काकीवर ओरडले. तिच्यावर ओरडायची ही माझी पहिलीच वेळ. ती काजूचे बोंडू निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“तू गाऱ्हाणां घालीत होतंस मगो,” ती म्हणाली. “मधी कोण उलयता?”

काका बाजूला होता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “एकान बोलूचां नि बाकीच्यांनी व्हय म्हणूचां. आमचां तां तसां.” त्याला त्यात माझी काही चूक दिसत नव्हती. उलट माहेरवाशीण इतकं चांगलं बोलली याचा त्याला आनंदच झाला होता. मला मात्र इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी न जेवताच हळर्णची वाट धरली.

पुढच्या तारखेला मी तिथे असता कामा नये, एवढं मला कळलं होतं. मी नुसती कोपऱ्यात उभी राहिले असते तरी सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. अडचण एकच होती. त्याच दिवशी फेलोशिप चालवणाऱ्या ताई माझं काम कॅमेऱ्यावर घ्यायला येणार होत्या. मी त्यांना फोन करून सांगितलं की मी त्यात दिसणार नाही. त्या म्हणाल्या, “मग आम्ही काय दाखवायचं?” मी म्हटलं, काकीला दाखवा. त्या नाखुशीनेच, पण आल्या.

त्या सकाळी मी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून उंडे घेतले आणि काकीच्या रांधपात चुलीपुढे जाऊन बसले. दार लोटून घेतलं. मांडावर साहेबांचा आवाज आला, त्यांनी काहीतरी विचारलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. पाट दोन्ही हातांनी धरून मी बसून राहिले. शेवटी काकीचा आवाज आला, “हंयसून सांगून कसां कळतला? चला वयर.” नंतर सगळ्यांची पावलं सड्याच्या वाटेने गेली.

तीन तास कोणी परतलं नाही. मी चहा उकळला, तो ओतून पुन्हा ठेवला. ते आले तेव्हा काकी सर्वांत पुढे होती, हातात म्हशी वळायची काठी, आणि साहेब तिच्या मागे वही घेऊन. त्यांनी चार उंडे खाल्ले आणि माझ्याकडे नकाशा मागितला.

“तुमची रेघ इथे चुकली आहे,” ते म्हणाले. काजूंच्या पलीकडचा कातळाचा एक तुकडा मी सोडून दिला होता. तिथे ना झाड ना चारा, उगाच वाद कशाला, असा विचार करून मीच तो वगळला होता. साहेबांनी पेन्सिलीने रेघ पुढे सरकवली आणि काकीचा जबाब मला वाचायला दिला.

त्यात झर होती, म्हशी बसायची जागा होती, वणवा लागला त्या साली गुरं कुठे हलवली तेही होतं. शेवटी लिहिलं होतं की त्या कातळाच्या कडेला तीन धोंडे आहेत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी झालेलं तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं, ते तिथे पुरलं आहे. खाली अंगठा होता. मी त्या घरात वाढले, काकीच्या ताटात जेवले, आणि मला हे माहीत नव्हतं.

दावा आता पुढे गेला आहे, निर्णय यायचा आहे. अहवालाला मी काकीचा पाठमोरा फोटो जोडला. तिची काठी कातळाकडे केलेली आहे आणि मागे साहेब वाकून बघत आहेत. नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात काय लिहायचं ते मी ताईंवर सोडलं.

माझ्या मनातून पहिली तारीख जात नाही. त्या दिवशी ते तीन धोंडे बाहेर ठेवून मी नकाशावर बोट फिरवलं आणि ‘इथवर आमचं’ म्हटलं, तेव्हा काकीही सगळ्यांबरोबर व्हय म्हणाली होती.