गोलफमास्तर लडकू

वखारीच्या पडवीतला पाण्याचा रांजण मी फोडला. मुद्दाम नाही. मी फक्त एक काठी खांद्यावरून मागे नेली आणि पुढे आणली. मध्ये रांजण आहे हे काठीला आधी कळलं, मला नंतर. पाणी पडवीभर झालं, वखारीतलं मांजर आढ्याला जाऊन बसलं आणि मी हातात काठी घेऊन, गणित चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा उभा राहिलो.

काठी साधी नव्हती. शहापुरातले सागाचे व्यापारी नानासाहेब समेळ यांनी ती इगतपुरीच्या एका लिलावातून आणली होती. रेल्वेतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला होता, त्याच्या सामानात चामड्याची एक लांब पिशवी होती आणि पिशवीत टोकाला लोखंडी पाय असलेल्या अशा बऱ्याच काठ्या. नानासाहेब तर शिकारही करत नसत. पण जंगलाचा नवा साहेब माघात शहापूरच्या माळावर तंबू ठोकणार आणि त्याला गोल्फचं वेड आहे, अशी बातमी होती. कुठलं जंगल कुणी तोडायचं ते त्या साहेबाच्या हातात होतं. तेव्हा नानासाहेबांनी वयाच्या पन्नाशीत गोल्फ शिकायचं ठरवलं. मी त्यांचा मुनीम. पिशवी उघडून बघण्याचा पहिला मान माझा, म्हणून रांजणही माझ्याच नावावर.

अंगणात एक माणूस सकाळपासून उकिडवा बसला होता. वखारीला रखवालदार हवा होता, त्या जागेसाठी आला होता. तो उठला नाही, हसलाही नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "तसं नाय धरत, मुनीमदादा. डाव्या हाताचा आंगठा काठीवर सरळ ठेवायचा. तुमी मुसळ धरलंय."

आवाज ऐकून नानासाहेब बाहेर आले होते. त्यांनी रांजणाकडे बघितलंच नाही.

"तुला येतो हा खेळ?"

"येतो," लडकू म्हणाला.

आता हा लडकू कोण, ते सांगतो. शेणव्याचा गडी. उंच, वाळका, चालताना एक खांदा खाली. तो खांदा मुंबईत खाली गेला होता. गोऱ्या लोकांच्या एका क्लबात तो काही वर्षं एका साहेबाची काठ्यांची पिशवी वाहत असे. साहेबाचं नाव बर्टन, लडकूच्या तोंडी बाटन. साहेब मागेल ती काठी द्यायची, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं, एवढंच काम. काठी द्यायची तीही लोखंडी पायाजवळ, मानेला धरून. पिशवी वाहणाऱ्याने मुठीला हात लावला की कानाखाली बसायची. म्हणजे लडकूने गोल्फ सगळा पाहिला होता, पण चेंडू आयुष्यात एकदाही मारला नव्हता. पुढे बाटन साहेब विलायतेला गेला, क्लबाने तरणी माणसं ठेवली आणि लडकू साहेबाची एक जुनी टोपी डोक्यावर घालून शेणव्याला परतला.

गावात त्या टोपीचं कौतुक आठवडाभर टिकलं. नंतर लडकू ओट्यावर बसून बाटन साहेबाच्या गोष्टी सांगायचा आणि त्याची बायको राही लोकांच्या शेतावर भात कापायला जायची. एके दिवशी तिने गाठोडं बांधलं आणि ती मुरबाडकडे बापाच्या घरी निघून गेली. जाताना ओरडली नाही, रडलीही नाही. "छातीवर कुणाचा तरी बिल्ला लाव, मग बोलवायला ये. टोपी बघायला मी येणार नाय," एवढंच म्हणाली. वखारीच्या रखवालदाराला खाकी कोट आणि नानासाहेबांचं नाव कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. त्या बिल्ल्यासाठी लडकू "येतो" म्हणाला होता. त्याला गोल्फ नको होता, त्याला राही हवी होती.

नानासाहेबांनी सौदा पक्का केला. साहेब तंबू ठोकेपर्यंत शिकवायचं, ज्या दिवशी खेळ त्या दिवशी सकाळी बिल्ला.

दुसऱ्या दिवसापासून वखारीमागच्या माळावर शिकवणी सुरू झाली. लडकूला जे आठवत होतं ते त्याने सगळं शिकवलं, त्यात त्याने काडीची कसर ठेवली नाही. पंचाईत एवढीच की त्याला आठवत होता तो बाटन साहेब, आणि बाटन साहेब म्हातारा, कंबरेने अधू आणि त्या क्लबातला सगळ्यांत वाईट खेळणारा माणूस होता. हे लडकूला ठाऊक नव्हतं, मग आम्हाला कुठून असणार? चेंडूजवळ गेल्यावर आधी आभाळाकडे बघायचं. मग डावा हात कंबरेवर ठेवायचा. मग डोळे मिटून म्हणायचं, "ओलारमायब्याक." आणि मग मारायचं.

"याचा अर्थ काय?" नानासाहेबांनी विचारलं.

"अर्थ नसतो, शेट. मारायच्या आधी म्हणायचा असतो. साहेब एकदा पन चुकला नाय."

नानासाहेबांनी ते मंत्रासारखं घोकलं. पूजेच्या वेळीसुद्धा त्यांच्या ओठांवर तेच असे. मला थोडं इंग्रजी येत होतं, पण लडकूच्या तोंडून निघालेलं ते इंग्रजी आहे असा संशय मला आला नाही. चेंडू मात्र हलायचा नाही. काठी जमीन उकरायची आणि ढेकूळ उडून लडकूच्या तोंडावर बसायचं. कधीतरी चेंडू लागायचा तोही तिरका, मग लडकू करवंदीच्या जाळीत शिरायचा आणि हात रक्ताळून परत यायचा. "तू एकदा मारून दाखव," असं नानासाहेब म्हणाले की तो म्हणायचा, उस्तादाने काठीला हात लावायचा नसतो, शिष्याची नजर बिघडते. नानासाहेबांना हे पटायचं. काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचंच.

चेंडू शेवटी एका भोकात घालायचा असतो, हे कळल्यावर प्रश्न आला भोकाचा. लडकूने तो चुटकीसरशी सोडवला. महिपत पाटलाच्या खळ्यावर भाताची मळणी होऊन गेली होती. शेणाने सारवलेलं गुळगुळीत, गोल खळं आणि बरोबर मधोमध, बैल फिरवायची मेढ उपटल्यावर राहिलेलं भोक. जणू कुणी गोल्फसाठीच केलेलं. महिपत पाटलाने नानासाहेबांच्या भिडेखातर हो म्हटलं, पण एक अट घातली. खळ्यावर धान्य पडतं, तिथे पायताण चालायचं नाही. नानासाहेब बूट-मोजे काढून, धोतर खोचून, अनवाणी पायांनी चेंडू भोकात ढकलू लागले. रोज असं केल्यावर त्यांची ठाम समजूत झाली की भोकाजवळ बूट काढणं हाही खेळाचाच नेम आहे. लडकूने ती मोडली नाही. बाटन साहेब तिथे बूट घालूनच जायचा हे त्याला आठवत होतं, पण नानासाहेबांपुढे "नाय" म्हटलं की बिल्ला दोन पावलं लांब जाईल, असं त्याला वाटलं.

खळ्याच्या कडेला माणसं जमायची. महिपत पाटील गुडघ्यावर हात ठेवून बसायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "लडक्या, बायको सांभाळता नाय आली तर चेंडू सांभाळतोस का रे?" माणसं हसायची. लडकू चेंडू पुसत राहायचा. एकदा राहीचा भाऊ बारकू बाजाराला आला होता, तोही तिथे उभा राहून बघत होता. लडकूने त्याला बाजूला घेतलं. माघातल्या बीजेला साहेबाचा खेळ आहे, तिथे माळावर मला बिल्ला मिळतोय, तिला एवढंच सांग, म्हणाला. बारकूने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"सांगतो. पन लांबून बघंल ती. टोपी दिसली तर तशीच माघारी फिरंल."

लडकूने त्याच दिवशी टोपी चुलीत घातली.

बीजेच्या सकाळी नानासाहेबांनी स्वतःच्या हाताने बिल्ला लावला. कोट लडकूला आखूड झाला होता, मनगटं बाहेर लोंबत होती. पण छातीवर पितळ चमकत होतं आणि खाली गेलेला खांदा त्या दिवशी वर आला होता. माळावर अर्धं शहापूर आणि आजूबाजूच्या पाड्यांतली माणसं गोळा झाली होती. लडकूची नजर सारखी मुरबाडच्या वाटेकडे जात होती.

नानासाहेब चेंडूजवळ गेले. आभाळाकडे पाहिलं. डावा हात कंबरेवर ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ओलारमायब्याक."

साहेब धावत आला. त्याने नानासाहेबांना दंडाला धरलं, खुर्ची मागवली आणि खानसाम्याला तेल आणायला पिटाळलं. नानासाहेब खुर्चीत बसायला तयार होईनात. हा मान त्यांना जरा लवकर मिळाल्यासारखा वाटत होता. शेवटी खानसाम्याने खुलासा केला. अहो शेट, तुम्ही म्हणालात, देवा रे, माझी कंबर.

तरीही वेळ गेली नव्हती. नानासाहेबांनी उत्साहाने चेंडू मारला. तो चार हात सरपटला आणि त्यांना वाटलं, आता भोकाजवळचा नेम पाळून तरी लाज राखावी. साहेबाने भोकाभोवती सारवून घेतलेल्या चौकोनाच्या कडेला ते जाऊन बसले आणि बूट काढू लागले. मग एक मोजा. मग दुसरा.

साहेब हसायला लागला. तंबूतून मडमेला बोलावलं. नानासाहेबांना बूट परत घालायला लावले आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवायला सांगितलं: आभाळ, कंबर, मंत्र, मोजे. नानासाहेबांनी करून दाखवलं. मडमेला तिसऱ्यांदा बघायचं होतं, तेही झालं. मग साहेबाने विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी?

नानासाहेबांनी बोट दाखवलं.

साहेबाने काठी लडकूच्या हातात दिली. मुठीकडून दिली. लडकूचा हात मुठीजवळ गेला आणि थबकला. इतकी वर्षं तो हात काठीच्या मानेलाच धरत आला होता, त्याची बोटं मुठीवर मिटेनात. डाव्या हाताचा अंगठा सरळ, हे त्याला पाठ होतं, पण अंगठा कुठे संपतो आणि काठी कुठे सुरू होते ते कळेना. त्याने मारलं. वारा कापला गेला. पुन्हा मारलं. माती उडाली. तो थांबला की साहेब हाताने खूण करायचा, आणखी. तो मारत राहिला. घाम कोटातून बाहेर आला, बगलेत शिवण उसवली. माळावर खड्ड्यांची रांग झाली आणि चेंडू होता तिथेच, पांढरा, स्वच्छ, जणू त्याला या गोष्टीशी काही देणंघेणं नाही.

महिपत पाटील ओरडला, "लडक्या, पुढल्या वरसाला नांगर नको रे, तुलाच बोलावतो." माळभर हशा झाला. साहेब हसला की कारकून-मुनीम लोकांना हसावंच लागतं. पण मला त्या दिवशी कुणी भाग पाडलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईतो हसलो.

साहेबाला कंटाळा आला तेव्हा तो चहाला निघून गेला. नानासाहेब लडकूजवळ गेले. बिल्ला धरून ओढला तो कोटाच्या कापडासकट हातात आला. मग म्हणाले, "आता हे खड्डे बुजव." लडकूने हातांनी माती लोटून एकेक खड्डा बुजवला, पायाने दाबला. तोवर माणसं पांगली होती. जंगल दुसऱ्या कुणाला मिळालं. आमच्या वखारीत रखवालदार म्हणून एक कुत्रा आला. त्याला बिल्ला लागत नव्हता.

पुढे लढाईचे दिवस आले. लाकडाला भाव चढला आणि ओंडके भरून घ्यायला मी खर्डी स्टेशनावर जाऊ लागलो. तिथे ओंडके खांद्यावर घेणाऱ्या माणसांत मला लडकू दिसला. खांदा पुन्हा खाली, केस पिकलेले. मी त्याला बिडी दिली. इकडचं तिकडचं बोललो. राहीने केव्हाच मुरबाडकडच्या एका कास्तकाराशी पाट लावला होता, हे मला ठाऊक होतं. त्यालाही मला ठाऊक आहे हे कळत होतं. माणसाचं मन राखावं म्हणून मी म्हटलं, "एक मात्र चुकलं, लडकू. नोकरी जायची ती गेलीच असती. पण त्या सकाळी बिल्ला छातीवर होता, तेवढा तरी राहीने बघायला हवा होता."

लडकूने बिडी विझवली, उरलेली कानामागे ठेवली आणि ओंडक्याखाली खांदा घातला.

"तुमच्या मागंच उभी होती ती, मुनीमदादा, तुमी हसत होता तवा."