पसरलेला हात

अडलेल्या बाईला गाडीत घालायचं सोडून मी तिच्यासाठी प्रार्थना करत बसलो.

टांझानियातल्या आमच्या खेड्यात गाडी एकच, मिशनची, आणि ती चालवणारा मी एकटा. भर दुपारी एक आजी धापा टाकत दारात आली. मागे दोघांनी खांद्यावर आणलेल्या झोळीत तिची सून कण्हत होती. आजीला बोलवेना. तिने नुसता हात पसरला. मी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि सुरू झालो. नगरहून इतक्या लांब येताना मी पक्कं धरून आलो होतो, की इथला प्रत्येक पसरलेला हात आशीर्वादच मागणार. आपल्याजवळ जे भरपूर आहे, तेच समोरच्याला हवं असणार, असं देणाऱ्याला का वाटतं, कोण जाणे! सून किंचाळली. मी आवाज चढवला. आजीचा हात माझ्या मुठीत मासळीसारखा वळवळत होता; मला वाटलं, आत्मा संचारतोय. शेवटी तिने तो हिसडून सोडवला आणि माझ्या कमरेची गाडीची किल्ली ओढली.

"पाळकसाहेब," ती ओरडली, "देव इथंच आहे, दवाखाना लांब आहे. डोळे उघडा नि गाडी काढा!"