अक्काची उपाशी रोपं

माझी मावसबहीण जिच्यावर चिडणार नाही अशी गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यात तरी अजून निर्माण झालेली नाही. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एका बंदिस्त हरितगृहात भाताची रोपं वाढवते. मुळांनी मातीतलं नत्र जास्त ओढून घ्यावं म्हणून त्यांचं जनुक बदललेलं आहे. त्यामुळे युरियाची गोणी दिसली की अक्काचं डोकं फिरतं. एकदा आम्ही कागलला लग्नाला निघालो होतो. रस्त्याकडेच्या उसात एक जण मुठी भरभरून युरिया फेकत होता. अक्काने गाडी थांबवायला लावली, शालू सावरत बांधावर चढली आणि ओरडली, "अहो पावणं, निम्मा ओढ्याला चाललाय की! पीक खातंय किती, बघितलंय कधी?" तो शांतपणे म्हणाला, "न्हाय बघितलं. तुमीच उसाला इचारून सांगा." या वादात आमच्या अक्षता चुकल्या. मांडवात नवऱ्यामुलाच्या काकांनी गमतीनं विचारलं, "तुमचा तो विषारी भात काय म्हणतोय?" अक्का जिलेबी ताटात टाकून उठलीच. "विष? अहो, ज्या रोपाला मी खायलासुद्धा घालत नाही, ते तुम्हाला काय विष घालणार!"

खायला न घालणं हाच तिचा प्रयोग होता. कुंड्यांत नत्र जवळजवळ नाहीच. निम्म्यांत साधा भात, निम्म्यांत बदललेला. उपासमारीत साधी रोपं पिवळी पडू लागली. "खालची म्हातारी पानं वाळतात आणि आपल्यातलं नत्र वरच्या कोवळ्या पानाला देऊन टाकतात," हे सांगताना मात्र तिचा आवाज खाली यायचा. मग ती आठवडाभर परीक्षेच्या कामाला गेली आणि परत येऊन बघते तो सगळ्या कुंड्या सारख्याच हिरव्यागार! तिथली देखभाल करणारे चाचा मान खाली घालून उभे. "मॅडम, बघवंना वो. उपाशी पोरांगत दिसत हुती. चिमूट चिमूट युरिया टाकला." अक्काचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "चाचा, माझं अख्खं वर्ष तुम्ही त्यांना खायला घातलंत!" दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पुन्हा बी पेरलं.

या खेपेला साधा भात खुरटला. बदललेली रोपं हिरवी राहिली आणि त्यांनी लोंब्या धरल्या. पोटभर खत खाल्लेल्या भाताइतक्या भरल्या नव्हत्या, पण धरल्या. दाणे मोजणीसाठी बंद डब्यात गेले. बदललेलं वाण बाहेर पसरू नये म्हणून उरलेली रोपं नियमाप्रमाणे जाळायची होती. मी त्या दिवशी तिला आणायला गेलो होतो. चाचा कळवळून म्हणाले, "एवढं सोसून पिकलं, आन् आता जाळायचं व्हय?" आता ती नियमावर तुटून पडणार, याची मला खात्री होती.

"त्या नियमाच्या कागदावर सही माझीच आहे, चाचा," ती म्हणाली. मग तिने पहिलं रोप स्वतः उपटलं आणि बादलीत धुतलं. पांढरी मुळं कुंडीच्या तळाशी वेटोळी घालघालून वाढली होती. सोडवली तर तिच्या कोपरापर्यंत लोंबली. "बघा, कुठं कुठं शोधत गेलीयत," ती हळूच म्हणाली. चाचांनी ती मुळं दोन्ही हातांवर घेतली. जाळायच्या पिशवीचं तोंड कुणी उघडायचं, हे ठरायला त्या दोघांना बराच वेळ लागला.